डॅन्यूबकाठचा सायकल रूट, पासाऊ ते व्हिएन्ना: सायकलिस्ट नसलेल्या बाईचा रिव्ह्यू

आधीच सांगते, मी सायकलिस्ट वगैरे अजिबात नाही. सांगलीत शाळेला असताना ॲटलसची लेडीज सायकल होती, पुढं जाळीची बास्केट, मागं कॅरियरला दप्तर, नंतर स्कूटी आली आणि सायकल गेली ती गेलीच. मग डायरेक्ट बावन्नाव्या वर्षी लेकीचा म्युनिकहून फोन, आई सप्टेंबरमध्ये तुम्ही दोघं येताय ना, तुमचं डॅन्यूबचं बुकिंग करून टाकलंय, सात दिवस सायकल. मी म्हणलं अगं बाबांचा गुडघा? ती म्हणाली बाबांना ई-बाइक. विषय संपला.

त्यामुळं ज्यांना रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर मारायचे असतात आणि रात्री ॲपवर स्पीड टाकायचा असतो त्यांनी हे वाचून उपयोग नाही. ज्यांना सकाळी नाश्ता करून निघायचं, दोन तासांनी कुठंतरी कॉफी, मग परत थोडं, मग नदीकाठी बाकावर बसून भडंग खायचं (हो, सांगलीहून दोन किलो नेलं होतं) अशांसाठी लिहितेय. रूटला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. ज्या कंपनीचं पॅकेज होतं तिला अडीच, तेही सायकली चांगल्या होत्या म्हणून. कंपनीचं नाव लिहीत नाही, लेकीनं त्यांच्याशी पुरेसं भांडून घेतलंय.

रूट म्हणजे जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत, डॅन्यूबच्या काठाकाठानं, साधारण सव्वातीनशे किलोमीटर. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणारा युरोव्हेलो ६ म्हणून जो लांबलचक रूट आहे त्यातला हा सगळ्यात फेमस तुकडा. सपाट का, तर पूर्वी प्रवाहाच्या उलट दिशेनं बोटी न्यायला काठावरून घोडे दोर बांधून ओढायचे, त्या घोड्यांची जी वाट होती तिचंच बऱ्याच ठिकाणी आता डांबरी सायकल ट्रॅक झालाय. घोड्याला जमेल एवढाच चढ, म्हणजे चढच नाही. वर वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून, म्हणून सगळे पासाऊकडून व्हिएन्नाकडं येतात. उलटे येणारेही भेटले, त्यांची तोंडं बघून कळायचं.

नदीच्या कडेला किलोमीटरचे फलक आहेत आणि ते उलटे पळतात. पासाऊला २२२६, व्हिएन्नात १९२९ च्या आसपास. ह्यांना वाटलं चुकीचे लावलेत. तर तसं नाही, ही नदी मुखापासून उगमाकडं मोजतात, काळ्या समुद्रापाशी शून्य. मग ह्यांचा टाइमपासच झाला तो, दर फलकाला थांबून "अजून एवढे राहिले" म्हणायचं, आणि नदी वळणं घेते आपण थोडं कुठंतरी आत जातो त्यामुळं हिशोब कधी जुळायचाच नाही.

पासाऊला तीन नद्या मिळतात, डॅन्यूब, इन आणि इल्झ. संगमाच्या टोकाला उभं राहिलं की पाण्याचे वेगवेगळे रंग दिसतात, इन हिरवट पांढरी कारण ती आल्प्समधनं येते, इल्झ काळपट. पण मला तिथं खिळवून ठेवलं ते टाउन हॉलच्या भिंतीनं. त्या भिंतीवर पुराच्या खुणा केल्यात, कुठल्या वर्षी पाणी कुठपर्यंत आलं ते. २०१३ ची खूण माझ्या डोक्याच्या कितीतरी वर, त्या वर्षी १२.८९ मीटर झालं होतं, आणि त्याच्याही वर एकच, १५०१ सालची. सांगलीच्या माणसाला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. पावसाळ्यात आमच्याकडं सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट झालं हाच असतो. तिथं उभी राहून मी भावाला फोटो पाठवला, त्याचा लगेच रिप्लाय, "मग ह्यांनी पण फर्निचर वरच्या मजल्यावर नेलं असणार". बाजूच्या दुकानदारानं दाखवलं, भिंतीत प्लगचे पॉइंट छातीच्या उंचीवर घेतलेत. सेम टू सेम.

आता सायकल. मला सात गिअरची साधी ट्रेकिंग सायकल मिळाली, ह्यांना ई-बाइक. तिथल्या साध्या सायकलला मागचा ब्रेक पॅडलमध्ये असतो, म्हणजे पॅडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो. देताना त्या मुलानं सांगितलं असणार, पण त्यानं दहा मिनिटांत चौदा गोष्टी सांगितल्या. आपल्याला काय सवय, सायकल घरंगळत असली की पॅडल उगाच मागं मागं फिरवत बसायचं, कर्र कर्र आवाज करत. पासाऊतून निघून अर्धा तास झाला असेल, छान गार वारा, मी मस्त पॅडल उलटं फिरवलं आणि सायकल जागच्या जागी खिळली, मी आपली हळूच डावीकडं गवतात. लागलं काही नाही. मागून एक आजी आल्या, सत्तरीच्या पुढच्या, पांढरे केस, साधी कॉटनची पॅन्ट, थांबून विचारलं ओके का, आणि पुढं निघून गेल्या त्या दिवसभर परत दिसल्या नाहीत, इतक्या पुढं. तर बुकिंग करताना पॅडल ब्रेक नसलेली सायकल मिळेल का ते विचारून घ्या, ऑप्शन असतो. दुसऱ्या दिवसापर्यंत सवय झाली हेही खरं, आणि आता इथं पुण्यात मी सिग्नलला पॅडल उलटं मारते आणि ब्रेक लागत नाही म्हणून दचकते.

पहिल्या दिवशीचा पट्टा मला फार आवडला. योखेनश्टाइनला वीज प्रकल्पाचं धरण आहे त्यावरून सायकल हातात धरून पलीकडं जाता येतं, आणि तिथून डाव्या काठाला गाड्यांचा रस्ताच संपतो. एका बाजूला डोंगराचं जंगल, एका बाजूला नदी, मधे आपण. पुढं श्लोगनला नदी अशी वळते की जवळजवळ आल्या दिशेला परत जाते, आणि डाव्या काठाची वाटच तुटते, मग होडी. सायकलसकट बसवतात, माणशी थोडे युरो. आमच्याबरोबर आठ-दहा सायकली एकमेकींना टेकवून ठेवल्या होत्या, नावाडी एकटा. संध्याकाळची वेळ, पाणी काळं हिरवं, इंजिनाचा तेवढा आवाज. हे मला म्हणाले, "औदुंबरला गेल्यासारखं वाटतंय." खरंच वाटत होतं.

होड्यांचं निघालंय तर ओटेन्सहाइमची होडी सांगितलीच पाहिजे, कारण तिला इंजिनच लागत नाही. नदीवर आडवी तार बांधलीय, त्या तारेला फेरी अडकवलीय, नुसती तिरकी करतात आणि प्रवाहच तिला पलीकडं ढकलतो. चारचाकी गाड्या पण नेते. ह्यांनी दोनदा ये-जा केली, कारण काही नाही, नुसतं बघायला.

पण मधला सगळाच भाग असा नाही, ते कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. ओटेन्सहाइमपासून लिंझपर्यंत ट्रॅक मोठ्या रस्त्याला चिकटून जातो, ट्रॅक वेगळा आहे, सेफ आहे, पण कानात सतत गाड्या. लिंझच्या बाहेर पडताना स्टीलचा मोठा कारखाना दिसत राहतो. त्यानंतर एक सरळसोट बांध, उजवीकडं मका, डावीकडं पाणी, मका, पाणी, मका. तीन तास. ज्यांच्याकडं पाचच दिवस आहेत त्यांनी लिंझ ते ग्राइन किंवा सरळ मेल्कपर्यंत ट्रेननं जावं, लोकल गाड्यांत सायकल चढवता येते, सायकलचं तिकीट वेगळं काढायचं एवढंच. मी असं लिहिल्यावर काही जण चिडतील. चिडू देत.

त्याच पट्ट्यात माउटहाउझेन येतं. नदीवरून बघितलं तर खिडक्यांत फुलं लावलेलं छान गाव. वर टेकडीवर नाझींची छळछावणी होती, ऑगस्ट १९३८ पासून, ती आता स्मारक म्हणून ठेवलीय. सुमारे एक लाख नव्वद हजार माणसं तिथं आणि तिच्या उपछावण्यांत आणली, त्यातली किमान नव्वद हजार मेली. ग्रॅनाइटच्या खाणीतून वर यायला १८६ पायऱ्या आहेत, कैद्यांकडून दगड पाठीवर घेऊन त्या चढवून घ्यायचे. चढ खडा आहे, मी सायकल खालीच लावली आणि चालत गेले. तीन तास लागतात असं धरा आणि त्या दिवशी पुढचं अंतर कमी ठेवा. आम्ही ठेवलं नव्हतं. खाली आल्यावर दोघांनाही बोलायचं नव्हतं आणि अजून पस्तीस किलोमीटर जायचं होतं.

आणि नेमकं त्याच संध्याकाळी ग्राइनला पोचलो तर बॅग नाही. पॅकेजमध्ये असं असतं की सकाळी नऊच्या आत बॅगा हॉटेलच्या लॉबीत ठेवायच्या, त्यांची व्हॅन पुढच्या हॉटेलला पोचवते, आपण फक्त छोटी पिशवी घेऊन सायकलवर. सिस्टीम मस्त आहे, म्हणून तर आमच्यासारखे जाऊ शकतात. पण माझी बॅग आली, ह्यांची नाही, आणि ह्यांच्या बीपीच्या गोळ्या त्यात. हेल्पलाइनला फोन केला तर जर्मनमध्ये रेकॉर्ड केलेला आवाज. शेवटी लेकीनं तिकडनं फोनवर फोन केले, तेव्हा कळलं की आधीच्या एका थांब्याला दुसऱ्या ग्रुपच्या बॅगांबरोबर उतरवली. रात्री साडेनऊला एकजण घेऊन आला, सॉरी नाही काही नाही, सही घेतली आणि गेला. तोपर्यंत हे हॉटेलच्या बाथरोबमध्ये. तर गोळ्या, पासपोर्ट, चार्जर आणि एक जोडी कपडे सायकलवरच ठेवा, कंपनी कुठलीही असो.

पंक्चरचं सांगायचं राहिलं. ते दुसऱ्या दिवशीच झालं, आशाखच्या पुढं, माझंच मागचं चाक. पंप आणि पंक्चरचं किट सायकलला बांधलेलं असतं. पण मागच्या चाकात गिअर आतमध्ये, ब्रेक आतमध्ये, ते चाक काढायचं म्हणजे इंजिनिअरिंगचं काम. एक जर्मन जोडपं थांबलं, त्या गृहस्थांनी पाना काढून नट सोडवायला सुरुवात केली, तेवढ्यात हे पुढं झाले. म्हणाले चाक काढायचंच कशाला, आपल्याकडं कोपऱ्यावरचा पंक्चरवाला कधी काढतो का. सायकल आडवी पाडली, टायर एका बाजूनं लिव्हरनं उचकटलं, ट्यूब तशीच बाहेर ओढली. आणि मग ह्यांचा चेहरा एकदम खुलला, कारण ट्यूबचा हवा भरायचा वॉल आपल्या साध्या सायकलला असायचा तसल्याच जातीचा, वरचं वेटोळं फिरवलं की आतला भाग निघतो. टोपण काढून शर्टाच्या खिशात टाकलं. ट्यूबमध्ये हवा भरून काठावर जाऊन नदीच्या पाण्यात बुडवली, बुडबुडे आले, बोट ठेवलं, पुसलं, घासलं, सोल्युशन, फुंकर, पॅच. वीस मिनिटं. ते जर्मन गृहस्थ वाकून बघत होते आणि बायकोला जर्मनमध्ये काहीतरी समजावत होते, मग त्यांनी ह्यांच्याशी हात मिळवला. आम्ही त्यांना भडंग दिलं. त्यांनी एक एक दाणा वेचून खाल्लं, लसूण बाजूला काढून.

खाण्याचं. मी शाकाहारी, हे आठवड्यातले चार दिवस. अडचण होत नाही पण सूप सांभाळा. फ्रिटाटेनसूपं म्हणून मेनूत असतं, बघायला घावनाच्या बारीक पट्ट्या कापून रसात टाकल्यासारखं, आणि वेटर पण सांगतो की मीट नाही. तो रस बीफचा असतो. तुकडा नाही म्हणजे मांस नाही असा हिशोब दिसतोय. मी चमचा तोंडापर्यंत नेला होता. बाकी केझश्पेट्झलं, म्हणजे चीज आणि तळलेला कांदा घातलेले पिठाचे बारके गोळे, पोटभरीचं, ते सगळीकडं मिळतं. आणि गोड खाणाऱ्यांनी मारिलनक्नोडल खाल्ल्याशिवाय यायचं नाही. आख्खं जर्दाळू पारीत बंद करून उकडतात आणि मग लोण्यात परतलेल्या ब्रेडच्या चुऱ्यात घोळवतात. ह्यांनी बघितल्या बघितल्या निकाल दिला, उकडीचा मोदक, फक्त नाक नाही. प्यायला मी आल्मडूडलर, वनस्पतींचा अर्क घातलेलं सोड्यासारखं काहीतरी, आणि ह्यांना राडलर, अर्धी बिअर अर्धं लिंबू सरबत. राडलर म्हणजे सायकलवाला, त्यामुळं ह्यांना ते पिणं कर्तव्यच वाटायचं.

आणि आता वाखाऊ. मेल्क ते क्रेम्स, जेमतेम पस्तीस-छत्तीस किलोमीटर, पॅकेजमध्ये एक दिवस दिलेला असतो आणि ती चूक आहे, दोन दिवस पाहिजेत, तिसरा असला तरी मी घालवेन. मेल्कला टेकडीवर पिवळा धमक मठ, एवढा मोठा की कॅमेऱ्यात बसत नाही, बेनेडिक्टाइन साधू तिथं १०८९ पासून आहेत, आत्ताची इमारत सतराशेच्या सुरुवातीची. मठ बघून निघालो की नदी अरुंद होते आणि दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात. डाव्या काठाला द्राक्षं आणि गावं, उजव्या काठाला जर्दाळूच्या बागा आणि शांतता. मधे श्पिट्सला परत तारेवरची फेरी आहे. आम्ही डावीकडनं गेलो. विलेनडॉर्फला १९०८ मध्ये रेल्वेचं काम चालू असताना ती प्रसिद्ध जाडी बाई सापडली, म्हणजे अश्मयुगातली 'विलेनडॉर्फची व्हीनस' ही मूर्ती, दगडाची, अकरा सेंटिमीटरची, मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या म्युझियममध्ये आहे, इथं तिची मोठी नक्कल. माझ्यापेक्षा बांधा भारी होता, हे काही बोलले नाहीत.

माझ्या मामाची तासगावला द्राक्षबाग आहे, त्यामुळं द्राक्ष म्हणलं की माझ्या डोळ्यापुढं मांडव, सपाट रान, ठिबकच्या नळ्या. इथं बाग भिंतीवर चढवलीय. डोंगराला पायऱ्या पायऱ्या पाडून प्रत्येक पायरीला दगडाची भिंत, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड, आणि त्या चार हात रुंदीच्या पट्टीत वेलीच्या दोन ओळी. मी मामाला व्हिडिओ कॉल लावला. तो आधी म्हणाला पानं जवळून दाखव, मग म्हणाला मणी बारीक आहेत, मी म्हणलं वाइनची आहेत, खायची नाहीत. छाटणी कितीदा घेतात विचारलं. तिथं सायकलवरून उतरून बागेत काम करणाऱ्या एका बाईला विचारलं तर एकदाच, हिवाळ्यात, बर्फ असताना. मामा गप्पच झाला. आपल्याकडं एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी, वर्षातनं दोनदा जीव टांगणीला. मग म्हणाला, "आणि एवढ्या उंचावर तोडायला माणसं मिळतात व्हय त्यांना?" मी त्या बाईंना हेही विचारलं. त्या हसल्या, म्हणाल्या हाच तर प्रॉब्लेम आहे. मामाला सांगितलं, त्याला फार बरं वाटलं.

बागाईतदारांच्या घरीच अंगणात टेबलं टाकून स्वतःची वाइन आणि थंड जेवण देतात, दाराबाहेर झाडाची फांदी टांगली असेल तर चालू, नसेल तर बंद. आम्ही गेलो तेव्हा श्टुर्म मिळत होतं, आंबायला लागलेला द्राक्षाचा रस, गढूळ, गोड, जिभेला चुरचुरणारा. हॉटेलच्या मालकिणीनं सांगितलं बाटली आडवी ठेवू नका, झाकण घट्ट लावत नाहीत, आत गॅस चालूच असतो. ह्यांनी पिशवीत आडवी ठेवली. जास्त काही सांगत नाही, भडंगाचा दुसरा पुडा त्यात गेला.

ड्यूर्नश्टाइनला क्रूझमधली गर्दी असते, गल्लीत दगडी फरसबंदी, सायकल ढकलतच न्यावी लागते, निळा मनोरा सुंदर आहे पण फोटोसाठी लाइन. वर पडका किल्ला, तिथं इंग्लंडच्या रिचर्ड राजाला ११९२ मध्ये कैद करून ठेवलं होतं. किल्ला म्हणल्यावर आपण चढणारच. अर्धा तास. सकाळी लवकर चढा, खालच्या नदीचं वळण त्यासाठी पुरेसं आहे.

क्रेम्सच्या पुढं परत सपाट आणि त्या दिवशी आम्हाला वारा तोंडावर. हे ई-बाइकवर गाणी म्हणत, मी मागं. त्या पट्ट्यात त्स्वेंटेनडॉर्फचं अणुवीज केंद्र लागतं, जगात असं क्वचितच बघायला मिळतं, कारण पूर्ण बांधलं आणि एकदाही चालू केलं नाही. ५ नोव्हेंबर १९७८ ला लोकांचं मतदान घेतलं, ५०.४७ टक्के लोक नाही म्हणाले, झालं, बंद. आता कुंपणाच्या आत ठोकळ्यासारखं उभं आहे आणि शेजारी सोलर पॅनल. आम्ही तिथं बसून पाणी प्यायलो आणि ह्यांनी जैतापूरचा विषय काढला, तो तुल्न येईपर्यंत पुरला, वाऱ्याचं काही वाटलंच नाही.

शेवटच्या दिवशी व्हिएन्नात शिरताना मात्र थोडी पंचाईत होते, सायकलींचे ट्रॅकच इतके फुटतात की नदी कुठली आणि कालवा कुठला कळेना, फोनवर मॅप लावूनच गेलो. सायकली जमा करायच्या जागी एक पोरगा होता, त्यानं माझी सायकल उचलून चाक फिरवलं, ब्रेक दाबले, सगळं नीट, मग मागच्या चाकाच्या वॉलकडं बोट दाखवलं. टोपण नव्हतं. ह्यांनी सगळे खिसे तपासले, बॅग उघडली, नाहीच. पोरगा हसला आणि राहू दे म्हणाला. परत आल्यावर पहिल्या मशिनला शर्ट टाकले, तर ड्रममध्ये खडखड. काढलं तर काळं टोपण. अजून फ्रिजवर ठेवलंय, हे टाकू देत नाहीत.